प्रभुभोजन : अर्थ आणि आचार

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जोयडा तालुक्यातील एका लहानशा चर्चमध्ये माझ्या बालमित्राच्या नातीचा पहिल्या कम्युनियनचा विधी होता. आमच्याकडच्या कोंकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांत त्याला ‘पयलो कुमगार’ म्हणतात. मित्राने आग्रहाने बोलावले म्हणून मी गेलो. पांढऱ्या पोशाखातील आठ-नऊ मुले हातात मेणबत्त्या घेऊन वेदीपाशी गेली. धर्मगुरूंनी प्रत्येकाला एक पातळ, गोल, पांढरी चकती दिली. मुलांनी ‘आमेन’ म्हटले आणि ती जागेवर परतली. मग सारी सभा रांगेने पुढे सरकली. आमच्या बाकावर मी तेवढा एकटा बसून राहिलो.

कॉलेज सुरू झाल्यावर ही हकीकत मी वर्गात सांगितली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, म्हणजे हा आपल्या प्रसादासारखाच प्रकार ना?” मी ‘हो’ म्हणालो नाही आणि ‘नाही’ही म्हणालो नाही. तास संपला, पण प्रश्न माझ्यापाशी राहिला. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. इतिहास शिकवतो इतकेच. तरीही ज्यांच्या शेजारी आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्यांच्या उपासनेच्या केंद्रस्थानी काय आहे, हे जाणून घेणे आपले काम आहे असे मला वाटते. त्या विद्यार्थ्याला द्यायचे राहिलेले उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करतो.

उगम आणि नावे

येशू ख्रिस्ताला अटक झाली त्याच रात्री, अटकेपूर्वी, तो यरुशलेममध्ये आपल्या बारा शिष्यांसह जेवायला बसला होता. दिवस वल्हांडण सणाचे होते. ज्यू लोकांच्या रीतीप्रमाणे त्याने भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि सर्वांना वाटली. मात्र वाटताना ती आपले शरीर आहे असे तो म्हणाला. द्राक्षारसाचा पेला फिरवताना त्याला त्याने आपले रक्त म्हटले आणि आपल्या स्मरणार्थ हे करीत राहा असे सांगितले. बायबलमधील मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत आणि पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात हा प्रसंग आला आहे. साऱ्या विधीचे मूळ एवढेच : एक जेवण, एक भाकर आणि एक पेला.

या विधीला नावे अनेक आहेत आणि प्रत्येक नाव अर्थाची एकेक बाजू दाखवते. ‘युखरिस्त’ या ग्रीक शब्दाचा अर्थ आभार मानणे. ‘मिस्सा’ हा लॅटिन शब्द उपासनेच्या शेवटी लोकांना निरोप देताना जे म्हटले जाई त्यावरून आला. वसईकडचे मराठी कॅथलिक हाच शब्द वापरतात आणि आपल्याकडे त्याचे ‘मीस’ झाले आहे. अहमदनगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळींत ‘प्रभुभोजन’ हा शब्द रुळला. ‘कम्युनियन’ लॅटिनमधून आला. त्याच मुळापासून पोर्तुगीजांचे ‘कोमुंगार’ आणि त्यावरून कोंकणीतले ‘कुमगार’. पौलाने यासाठी वापरलेला ग्रीक शब्द ‘कोइनोनिया’ असा आहे. त्याचा साधा अर्थ भागीदारी. एखाद्या शेतात दोघांचा वाटा असतो तशी भागीदारी.

माझ्या मते सगळी किल्ली या भागीदारीत आहे. पौलाचा युक्तिवाद असा की, भाकर एक आहे आणि आपण पुष्कळ जण तिच्यातला तुकडा घेतो, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर झालो. कम्युनियन घेणारा माणूस ख्रिस्ताशी जोडला जातो, हे तर खरेच. पण त्याच घासाने तो रांगेत पुढे आणि मागे उभ्या असलेल्या माणसांशीही जोडला जातो. हे दुसरे जोडणे त्याच्या निवडीवर सोडलेले नाही.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. देवळातला प्रसाद आपण पुडीत बांधून घरी आणतो, आजारी माणसाच्या उशाशी ठेवतो, एकट्याने खातो. कम्युनियनशी अधिक जवळचे नाते आहे ते वारकऱ्यांच्या काल्याचे. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला काला होतो. सर्व गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवायच्या आणि कोणाची शिदोरी कोणती हे ओळखू येऊ द्यायचे नाही, ही त्यामागची कल्पना. येथेही जोर एकत्र खाण्यावर आहे.

विधी कसा होतो

कॅथलिक उपासनेचे ठळक दोन भाग असतात. पहिल्यात बायबलचे वाचन व प्रवचन; दुसऱ्यात अर्पण आणि भोजन. वेदीवर गव्हाची बिनखमिराची भाकर व द्राक्षांची वाइन आणली जाते. भाकर म्हणजे तीच पातळ चकती; आमच्या बोलीत तिला ‘ऑस्त’ म्हणतात. गहू आणि पाणी यांखेरीज तिच्यात काही घालायचे नाही, असा नियम आहे. वाइनमध्ये धर्मगुरू पाण्याचे थेंब मिसळतात. मग शेवटच्या भोजनाच्या वेळचे येशूचे शब्द उच्चारून धर्मगुरू भाकर व पेला उंच धरतात. त्यानंतर प्रभूची प्रार्थना होते आणि लोक एकमेकांना शांतीचा नमस्कार करतात. शेवटी ऑस्त मोडली जाते आणि कम्युनियन दिले जाते.

यातला शांतीचा नमस्कार मला विशेष अर्थपूर्ण वाटला. जेवायला बसण्यापूर्वी शेजाऱ्याशी सलोखा करायचा, असा तो क्रम आहे. भांडण मनात ठेवून वेदीपाशी जायचे नाही. पहिल्या कम्युनियनपूर्वी मुलांकडून ‘कुमसार’, म्हणजे पापांची कबुली, करून घेतात त्यामागेही हाच हेतू आहे.

आज जे दिसते ते पूर्वापार असेच होते असे मात्र नाही. मध्ययुगात सामान्य लोक कम्युनियन इतके क्वचित घेऊ लागले की वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, ते घेतलेच पाहिजे असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेला करावा लागला. लहान मुलांना साधारण सातव्या वर्षापासून कम्युनियन द्यावे हे पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये ठरवले. तोवर मुलांना बरीच वर्षे थांबावे लागे. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता उपवास करावा लागे. १९६४ पासून तो एका तासावर आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनच्या जागी लोकांच्या भाषा आल्या आणि वेदीकडे तोंड करून उभे राहणारे धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. १९६९ मध्ये भारतीय चर्चला आरती, समई, जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार अशा काही देशी रीती वापरण्याची मुभा मिळाली.

एका भोजनावरून अनेक पंथ

ज्या भोजनाने सर्वांना एक करायचे त्याच भोजनावरून ख्रिस्ती जगात मोठी फूट पडली, ही इतिहासातली दुःखद गोष्ट आहे. भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते की ती केवळ खूण असते, हा वादाचा मुद्दा. कॅथलिक मत असे की बाह्य रूप भाकरीचे राहते, पण तत्त्वतः ती ख्रिस्ताचे शरीर होते. मार्टिन ल्यूथरने ही उपपत्ती नाकारली. मात्र ख्रिस्त त्या भाकरीत खरोखर उपस्थित असतो हे त्याने सोडले नाही. स्वित्झर्लंडच्या झ्विंग्लीला ते स्मरणाचे चिन्ह वाटे. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे दोघे समोरासमोर बसले. बाकीच्या बहुतेक मुद्द्यांवर एकमत झाले आणि याच एका मुद्द्यावर बोलणी फिसकटली.

पुढे मिशनरी भारतात आले तेव्हा हे भेदही सोबत आले. एका पंथाचा माणूस दुसऱ्या पंथाच्या मेजापाशी जाऊ शकत नसे. ही अडचण आपल्या देशातील मंडळींना अधिक बोचली, कारण ल्यूथर-झ्विंग्लींचे भांडण त्यांचे नव्हते. १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया आणि १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यामागे एका मेजापाशी बसता यावे ही तळमळ होती. अर्थात कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांची मेजे आजही वेगळीच आहेत. प्रॉटेस्टंट मंडळींत साधी पावरोटी मोडतात, कोठे वाइनऐवजी न आंबवलेला द्राक्षरस असतो, कोठे एकच पेला फिरतो तर कोठे प्रत्येकाला इवलासा वेगळा पेला देतात.

२०२० च्या करोना साथीत चर्चचे दरवाजे बंद झाले. प्रार्थना आणि प्रवचन घरबसल्या पडद्यावर पाहता आले. कम्युनियन मात्र पडद्यातून हातात येईना. माझ्या मित्राने तेव्हा फोनवर सांगितले होते, “मीस बघतो रे, पण पंगत बघून पोट भरते का?” विधीचे मर्म एवढ्या थोडक्यात मी कोणत्याही पुस्तकात वाचले नाही.

पौलाची तक्रार

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. करिंथ हे ग्रीसमधील श्रीमंत बंदर. तेथील मंडळीला पौलाने इसवी सन ५५ च्या सुमारास पत्र लिहिले. त्या काळी प्रभुभोजन हे कोणाच्या तरी घरी होणारे खरेखुरे जेवण असे. सवड असलेले श्रीमंत लवकर येत, खात आणि पीत. गुलाम व मजूर दिवसभराचे काम उरकून येईपर्यंत अन्न संपलेले असे. एक जण भुकेला आणि दुसरा पिऊन तर्र, अशी अवस्था. पौल संतापून सांगतो की तुम्ही जे करता ते प्रभूचे भोजन नव्हेच. या विधीविषयीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक, आणि तो आहे पंक्तिभेदाविरुद्धची तक्रार!

भारतात ही तक्रार पुन्हा पुन्हा करावी लागली. पोर्तुगीज गोव्यात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना बाप्तिस्मा दिला जाई आणि त्याच शहरात त्यांची खरेदी-विक्रीही होई. त्यांच्यापैकी काही सुटून घाटावरच्या जंगलांत शिरले. हल्याळ, यल्लापूर आणि आमच्या भागातील सिद्दी समाजात त्यांचे वंशज आहेत, आणि त्या समाजात ख्रिस्ती, हिंदू व मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. तमिळ प्रांतात वरच्या जातींचे ख्रिस्ती चर्चमध्ये वेगळे बसत आणि कम्युनियनला आधी जात. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये पत्रक काढून हा भेद बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा तंजावरकडच्या कित्येकांनी चर्च सोडले, पण जात सोडली नाही. गोव्यातील कॅथलिकांतही बामण, चाड्डी, सुदिर हे भेद लग्न जुळवताना अजून आठवतात. माझा मित्र ते लपवत नाही. “रांगेत एक असतो, सोयरीक काढताना परत वेगळे होतो,” असे तो म्हणतो.

परंतु हे सांगताना आपण दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवीत आहोत असा समज होऊ नये. मराठी मुलखात ख्रिस्ती माणसाच्या हातचा घास हा एकोणिसाव्या शतकातील सर्वांत स्फोटक पदार्थ होता. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आदींनी परमहंस सभा स्थापन केली. तिच्या सभासदाला दीक्षेच्या वेळी ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. जात मोडल्याची तीच खूण. पण सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि ती मोडली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना चहा देण्यात आला. हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि खुद्द रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एका कपभर चहासाठी!

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याबरोबर राहू लागल्या तरी आपले सोवळे-ओवळे सांभाळून होत्या. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, हे त्यांना एके दिवशी पटले व त्यांनी तो सोडला. त्यानंतर १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी ताटाचा अडसर गेला, मग धर्माचा निर्णय झाला.

आमचे घर

आता थोडे स्वतःविषयी. माझे बालपण जुन्या सुपा गावात गेले. काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात ते गाव बुडाले, आणि तिथल्या इतर कित्येकांप्रमाणे आम्ही व मित्राचे कुटुंबही रामनगरला येऊन राहिलो. सुप्यात आमची घरे शेजारी होती. नाताळात त्याची आई आमच्याकडे ताट पाठवी. त्यात असे एक नारळ, केळ्यांची फणी आणि साखरेची पुडी. त्यांच्या घरी त्या दिवशी नेवऱ्या, दोदोल असे कितीतरी पदार्थ होत, पण शिजवलेले काही आमच्याकडे येत नसे. आजी ते घेणार नाही हे तिला ठाऊक होते. आजी प्रेमळ होती. मित्राला ताप आला की काढा करून पाठवी. पण त्यांच्या घरचे पाणी ती प्यायली नाही, आणि आम्हालाही पिऊ दिले नाही. मी लपून नेवऱ्या खात असे आणि घरी येण्यापूर्वी तोंड पुसत असे. ते तोंड पुसणे मला आजही आठवते. गाव पाण्याखाली गेले. कोरड्या ताटाची रीत मात्र आमच्याबरोबर रामनगरला आली.

पयल्या कुमगारानंतर मित्राच्या अंगणात मांडव होता. पंगत बसत होती. इतक्यात मित्राची आई काठी टेकत माझ्यापाशी आली. वय ऐंशीच्या पुढे. तिच्या हातात एक थाळी होती. थाळीत नारळ आणि केळी. माझ्यासाठी तिने ती सकाळीच बाजूला काढून ठेवली होती. थाळी पुढे करीत तिने जरा संकोचाने विचारले, “पुता, की आमगेर जेवतलो?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. माझ्या घरच्यांनी तिला शिकवलेला शिष्टाचार ती पन्नास वर्षे न चुकता पाळत होती, एवढेच.

मी म्हटले, “मावशी, जेवणारच.” पानावर बसलो. तिने स्वतःच्या हाताने सान्नां वाढली. मी खाल्ले, पुन्हा मागून घेतले. चर्चमध्ये बाकावर एकटा उरलो होतो तेव्हा मनाला किंचित लागले होते, हे कबूल करतो. त्या थाळीकडे पाहिल्यावर मात्र ते बोलून दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही. मी एका सकाळी तासभर बाहेर राहिलो होतो. ती आमच्या उंबऱ्याबाहेर जन्मभर राहिली होती.

समारोप

येथे कोणी म्हणेल, कम्युनियनलाही कुंपण आहेच की! बाप्तिस्मा नसलेल्याला ते मिळत नाही. आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. नारायण वामन टिळकांनाही तो जाणवला असावा. १९१७ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांनाही जागा होती. तरीसुद्धा दोन कुंपणांत फरक आहे. एक श्रद्धेचे असते. ज्याला ती श्रद्धा पटेल तो ते ओलांडून आत येऊ शकतो, आणि मला पटली नाही म्हणून मी बाकावर बसलो, त्यात माझा अपमान नाही. दुसरे जन्माचे असते. ते कोणालाही स्वतःच्या निर्णयाने ओलांडता येत नाही. पौलाला आत सहन झाले नाही ते या दुसऱ्या जातीचे कुंपण.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर आता देता येईल. प्रभुभोजन म्हणजे सर्वांनी मिळून एका भाकरीत वाटेकरी होणे. विधी वेदीपाशी संपतो. पण तो खरा झाला की नाही हे त्यानंतरच्या जेवणात कळते : कोण कोणाशेजारी बसले, कोण आधी जेवले, कोणासाठी कोरडी थाळी वेगळी काढून ठेवली. या कसोटीला ख्रिस्ती समाज अनेकदा उतरला नाही, हे त्यांचे स्वतःचे धर्मग्रंथ सांगतात. आपला काला, आपल्या शेजारच्या कन्नड शरणांचा दासोह यांनाही हीच कसोटी लागू आहे, आणि ती लावली तर आपलेही गुण फार येतील असे मला वाटत नाही.

आमच्या कॉलेजात मराठी, कन्नड, कोंकणी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. मधल्या सुटीत डबे उघडतात तेव्हा मी कधी कधी व्हरांड्यातून पाहतो. बहुतेक डबे एकमेकांत फिरतात. एखादा डबा मात्र कोपऱ्यात, पाठ फिरवून उघडला जातो. तो कोणाचा आणि का, हे त्या वर्गातल्या मुलांना माझ्यापेक्षा नीट ठाऊक असणार.